मलान आडनावाच्या माणसाने काय करायचं?

उन्हाळी_आवळा (धागाकर्ती)

मंडळी, गेले तीन आठवडे एकच पुस्तक उशाशी आहे आणि संपल्यावरही ते कपाटात ठेववत नाहीये. रियान मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराचं 'माय ट्रेटर्स हार्ट', १९९० सालचं. रद्दीवाल्याकडे ८० रुपयांना मिळालं, एक कोपरा वाळवीने खाल्लेला.

आधी आडनावाबद्दल. १९४८ ची निवडणूक जिंकून ज्यांनी वर्णभेदाला रीतसर सरकारी धोरण करून टाकलं ते पंतप्रधान डॅनियल मलान. ऐंशीच्या दशकात संरक्षणमंत्री होते ते जनरल मॅग्नस मलान. दोघेही लेखकाच्या भावकीतले. मूळ पुरुष जॅक मलान, धर्मछळामुळे फ्रान्समधून पळालेला ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट), १६८८ साली केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उतरला. म्हणजे तीनशे वर्षांची वंशावळ! आपल्याकडे कुलवृत्तांत काढतात तसा या गृहस्थांना आपल्या घराण्याचा वृत्तांत लिहायचा होता. पण आपण मूळ गोष्टीला बगल देतोय हे त्यांच्या लक्षात आलं, तो बेत त्यांनी मोडला आणि देशात रोज होणाऱ्या साध्या साध्या खुनांबद्दल लिहिलं.

लेखक १९५४ चे. जोहान्सबर्गच्या 'द स्टार'मध्ये गुन्हेवार्ताहर होते. १९७७ मध्ये देश सोडून अमेरिकेत गेले, कारण राहिले असते तर सक्तीच्या लष्करी सेवेत जावं लागलं असतं. आठेक वर्षांनी परतले, ते हे पुस्तक लिहायला.

आता माझी अडचण. मला वाटलं होतं, अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका भल्या गोऱ्याची गोष्ट असेल. तसं नाहीये. हा माणूस म्हणतो, माझं काळ्यांवर प्रेम होतं आणि मला त्यांची भीतीही वाटायची, आणि यातलं खरं कुठलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पूर्वजांपैकी एक डाविड मलान. १७८८ मध्ये तो शेजाऱ्याच्या सारा नावाच्या गुलाम स्त्रीबरोबर पळून गेला, बायको, जमीन, अब्रू सगळं सोडून. पुढे सरहद्दीवर सापडतो तो कट्टर बोअर (डच वळणाचा गोरा शेतकरी) डाविड. मधल्या काळात काय झालं, साराचं काय झालं, कागद गप्प. लेखकाला हाच डाविड स्वतःत दिसत राहतो.

तर माझा प्रश्न: अशा कबुलीचा उपयोग कोणाला? लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला, की ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना? मला पुस्तक आवडलं असं म्हणायची लाज वाटतेय आणि नाही आवडलं म्हणणं खोटं होईल.

चहाटळ

८० रुपये?! रद्दीवाल्याचं नाव-गाव टाका आधी. बाकी चर्चा नंतर.

नीरजा_का

वाचनखूण साठवली. वाचतेय.

टिनपाट

हा तोच ना, 'क्राय फ्रीडम' सिनेमातला पत्रकार? स्टीव्ह बिको या काळ्या नेत्याचा मित्र?

सनावळी

नाही हो टिनपाट. ते डोनाल्ड वुड्स, 'डेली डिस्पॅच'चे संपादक, आणि ते इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्यांपैकी. फरक महत्त्वाचा आहे म्हणून लांबण लावतो, माफी असावी.

गोऱ्यांमध्ये निम्म्याहून जास्त आफ्रिकान्स बोलणारे. डच, जर्मन, फ्रेंच अशा सरमिसळीतून झालेले. स्वतःला ते आफ्रिकेचीच एक जमात मानतात, मागे परत जायला युरोपात घर नाही. त्यात इंग्रजांवर राग. १८९९ ते १९०२ च्या युद्धात इंग्रजांनी बोअरांची शेतं जाळली आणि बायकापोरांना छावण्यांत कोंबलं. त्या छावण्यांत सुमारे २६ हजार बायका-मुलं मेली. (काळ्यांच्या वेगळ्या छावण्या होत्या, तिथेही हजारोंनी मेले, पण ती आठवण कोणी जपली नाही.) घराघरांत ती गोष्ट सांगितली जायची. आपल्यावर फार अन्याय झालाय असं मनात पक्कं बसलेल्या लोकांच्या हातात सत्ता आली की काय होतं, ते १९४८ नंतर दिसलं. कोण कोणत्या वर्णाचा याची सरकारी नोंद, कोणी कुठे राहायचं याचा कायदा, कोणी कोणाशी लग्न करायचं याचा कायदा. केसांत पेन्सिल खोवून ती पडते की अडकते यावरून माणसाचा वर्ण ठरवायचे.

त्यामुळे इंग्रजी गोरा सरकारविरुद्ध बोलला तर 'हे इंग्रज असेच' म्हणून सोडून देत. मलान बोलला तर तो घरभेदी. शीर्षकातला 'ट्रेटर' तो आहे. आणि माझ्या वाचनाप्रमाणे त्याला दुहेरी धार आहे: जमातीशी गद्दारी, आणि काळ्यांच्या बाजूने उभं राहायची वेळ आल्यावर पाय मागे घेतला म्हणून तिकडेही गद्दारी.

टिनपाट

ओह ओके. धन्यवाद. माझं ज्ञान सिनेमापुरतंच.

गोलंदाज

माझं क्रिकेटपुरतं. १० नोव्हेंबर १९९१, ईडन गार्डन, क्लाइव्ह राइसचा दक्षिण आफ्रिकी संघ. इतकी वर्षं बाहेर असलेले लोक थेट कोलकात्यात येऊन खेळले. वडील म्हणाले, 'अरे, आपल्या पासपोर्टवर या देशाला जायची बंदी आहे आणि हे इथे टॉस करतायत.' खरंच त्यांच्या जुन्या पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिका वगळून' असं छापलेलं आहे. अजून आहे घरात.

आणि पुढच्याच वर्षी विश्वचषक चालू असताना १७ मार्चला गोऱ्यांचं सार्वमत. सुधारणा पुढे न्यायच्या की नाही. 'नाही' आलं असतं तर संघ अर्ध्यातून परत अशी परिस्थिती. ६८.७ टक्के 'हो' म्हणाले. पाच दिवसांनी सिडनीत पाऊस पडला आणि एका चेंडूत २१ धावा (फलकावर चुकून २२).

चहाटळ

म्हणजे तीनशे वर्षांचं पाप एका चेंडूत फिटलं.

गोलंदाज

चहाटळ, दंडवत.

कडूकारलं

क्रिकेट झालं असेल तर विषयावर येऊ.

मी हे पुस्तक २००४ मध्ये वाचलं आणि भिंतीवर फेकलं. लेखणीला जोर आहे, नाकारत नाही. पण हिशोब मांडा. मरतंय कोण? काळे. बहुतेक पानांत काळेच मरतात. पोलिसांच्या हातून, गोऱ्या शेतकऱ्याच्या हातून, एकमेकांच्या हातून. आणि प्रत्येक मरण शेवटी कशाचं साधन होतं? रियान मलान यांच्या मनातल्या कालवाकालवीचं. सोवेटोत (जोहान्सबर्गलगतची काळ्यांची वस्ती) संघटना एकमेकींवर उठल्या तेही त्याला आधी स्वतःच्या भीतीचा पुरावा म्हणून दिसतं.

गोऱ्याने रडायचं आणि जगाने 'काय प्रामाणिकपणा!' म्हणून रुमाल पुढे करायचा. १९५९ सालचं एस्किया म्फाहलेले यांचं आत्मकथन, किंवा एलेन कुझवायो यांचं १९८५ चं, इथे किती जणांनी उघडलंय? मलान वाचून दक्षिण आफ्रिका कळली म्हणणं म्हणजे सासूच्या तोंडून सुनेची हकीकत ऐकणं.

पाटावरची_मांजर

शेवटचं वाक्य चोरतेय, कारलं. +१

उन्हाळी_आवळा

कारलं, तुमचा मुद्दा मला टोचलाय, आणि म्हाफ... म्फाहलेले (नाव तीनदा टाइप केलं) मी वाचलेले नाहीत हे कबूल. पण एका गोष्टीत तुम्ही अन्याय करताय. सायमन म्पुंगोसेचं प्रकरण आठवा.

बाकीच्यांसाठी सांगते. नाताळ प्रांतात एम्पांगेनी नावाचं उसाच्या पट्ट्यातलं गाव. रात्री कोणीतरी घरात शिरून झोपलेल्या गोऱ्यांच्या डोक्यात हातोडा घालतंय. गाव वेडंपिसं झालेलं, घराघरांत बंदुका. सापडतो तो सायमन. न्यायालयात तो दया मागत नाही, उलट फाशी द्या म्हणतो, आणि तुरुंगात पडलेल्या स्वप्नाबद्दल बोलतो. त्याचं आयुष्य ऐकलं तर वर्णभेदाने माणसाचं काय होतं याचा धडाच. कोणीही पत्रकार इथे थांबला असता. लेखही झाला असता आणि मनही हलकं.

हा थांबत नाही. सायमनच्या डोंगरातल्या गावी जातो आणि तिथे त्याला कुळातला एक जुना कलंक कळतो, झुलू लोकांच्या विधिनिषेधांतला, ज्याचा गोऱ्यांशी काही संबंध नाही. सायमनला स्वतःबद्दल जे वाटत होतं त्याचं मूळ अर्धं तिथे होतं. मलान सरळ लिहितो की मी माझ्या सोयीची गोष्ट घेऊन आलो होतो आणि ती पुरी पडली नाही. काळा माणूस फक्त आपल्या पापाचा आरसा नाही, त्याचं त्याचं जग आहे, हे तो तिथे शिकतो. तुमचा आक्षेप त्याने स्वतःवर आधीच घेतलाय.

कडूकारलं

किंवा त्याने तिथून एक पळवाट काढली. 'बघा, सगळा दोष आमचाच नव्हता.' दोन्ही वाचनं शक्य आहेत. म्हणूनच भिंतीवर फेकलं, रद्दीत नाही घातलं.

चहाटळ

रद्दीत कोणीतरी घातलंच की. ८० रुपये.

जोझीकर

जोहान्सबर्गहून. इथे अकरावं वर्ष. पुस्तक वाचलेलं नाही, पण घराबद्दल लिहितो.

आम्ही जुन्या उपनगरात भाड्याने राहतो, १९५० च्या आसपासचं घर. मागच्या अंगणात एक खोली आहे. एक माणूस जेमतेम मावेल अशी, आत सिमेंटची मोरी, गरम पाण्याची नळी नाही. खिडकी एवढ्या उंचावर की उभं राहिलं तरी बाहेरचं काही दिसू नये. घरमालक म्हणाले, 'स्टोअररूम म्हणून वापरा.' ही मोलकरणीची खोली. या भागातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घराला ती आहे. कायद्याने काळ्यांना इथे राहायला मनाई, पण धुणं-भांडी करायला माणूस तर रात्रंदिवस पाहिजे, म्हणून ही खोली. ती बाई तिथे राहू शकायची, तिचा नवरा आणि पोरं नाहीत. पासबुक, म्हणजे काळ्यांनी सतत बाळगायचा सरकारी परवाना, जवळ नसेल तर अटक. लोक त्याला 'डॉमपास' म्हणत, मूर्खाचा पास.

खोली साफ करताना फळीमागे एक एनॅमलचा मग सापडला, पांढरा, निळ्या काठाचा, बुडाला टवके उडालेला. शेजारच्या गोऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांना दाखवला तर लगेच ओळखला. 'आमच्याकडेही होता, तिचा वेगळा.' मग थोडं थांबून म्हणाल्या, 'आम्ही तिच्याशी फार चांगले वागायचो.'

तो एनॅमलचा मग मी ठेवलाय. त्यात पेनं ठेवतो.

नीरजा_का

'तिचा वेगळा' :(

सदूभाऊ_सातारकर

हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज आहे का? कपबशी वेगळी, तीही कान तुटलेली.

सनावळी

अवांतर आहे पण मराठी धागा दक्षिण आफ्रिकेत नेलाच आहात तर. १९१२ मध्ये गोखले तिथे गेले होते, नामदार गोपाळ कृष्ण. सरकारने त्यांना रेल्वेचा खास डबा दिला होता. म्हणजे त्याच गाड्यांमधून, ज्यांतून १८९३ मध्ये पीटरमॅरित्झबर्गला गांधींना उतरवलं होतं. गांधींनी आग्रह धरला की तुम्ही इंग्रजीऐवजी मराठीत बोला, कोकणी मुसलमान आणि थोडे मराठी हिंदू समोर आहेत, भाषांतर मी करतो. गोखले हसले. तुझं हिंदी कसं आहे ते मी पाहिलंय, आता हे मराठी कुठून शिकलास, असं काहीसं म्हणाले. पण ऐकलं. पुढे झांजीबारपर्यंत ते मराठीतच बोलले. त्यामुळे जोझीकर, तुमच्या शहरात मराठीतून राजकारणावर भाषण होऊन शंभराहून जास्त वर्षं झाली.

जोझीकर

हे माहीत नव्हतं! इथल्या गणपतीत वाचून दाखवणार.

ते कोकणी मुसलमान केप टाऊनमध्ये अजून आहेत. एका किराणावाल्या चाचांनी मला 'खंयचे तुम्ही?' असं विचारून गार केलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातले, पणजोबा आलेले. त्यांचं घर डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये होतं. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर केला. ६० हजारांवर माणसं हलवली आणि घरं पाडली. आता तिथे एक संग्रहालय आहे. जमिनीवर जुन्या रस्त्यांचा नकाशा पसरलाय आणि हलवलेल्या लोकांनी त्यावर आपापलं घर कुठे होतं ते हाताने लिहिलंय. चाचांनी आपलं लिहिलं नाही. म्हणाले, लोक त्यावरून चालतात.

ओवी_आ

मलानचं दुसरं एक काम सांगते. 'द लायन स्लीप्स टुनाइट' सगळ्यांना माहीत असतं, 'लायन किंग'मुळे. मूळ गाणं 'म्बुबे', सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. मिळाले १० शिलिंग. १९६२ मध्ये तो गरिबीत गेला. मलानने २००० साली त्यावर लांबलचक लेख लिहिला, पैसा कोणाकोणाकडे गेला याचा पार माग काढला. त्यानंतर हालचाल झाली आणि २००६ मध्ये लिंडाच्या मुलींशी तडजोड झाली. कारलं, हे नुसतं रडणं नव्हे. इथे हिशोब चुकता झाला.

कडूकारलं

मान्य, ते काम चोख. मग २००३ चा त्याचा एड्सवरचा लेखही सांगा. आफ्रिकेतले आकडे फुगवलेले आहेत म्हणाला. त्या काळात तिथलं सरकारच औषधं द्यायला टाळाटाळ करत होतं आणि रुग्णांच्या संघटना कोर्टात भांडत होत्या. कसल्या वेळी कसला संशय घ्यावा! शंका घेण्याची सवय हा त्याचा गुण, आणि तोच त्याला तिथे घेऊन गेला.

ओवी_आ

यावर भांडणार नाही. तो लेख मलाही बोचला होता.

सनावळी

तुलनेला मॅक्स दु प्रीज हा पत्रकार घ्या, तोही आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणारा गोरा. १९८८ मध्ये 'फ्राय वीकब्लाड' साप्ताहिक काढलं, आफ्रिकान्समध्ये. सरकारविरोधी आणि घरच्या भाषेत! सरकारने ३० हजार रँड अनामत मागितली, एरवी ती नाममात्र असते. वर्षभरात त्यांनी फ्लाकप्लास इथल्या पोलिसांच्या मारेकरी पथकाची बातमी फोडली, खुद्द माजी प्रमुखाच्या तोंडून. पुढे एका पोलीस जनरलने बदनामीचा खटला लावला आणि त्या ओझ्याखाली १९९४ मध्ये साप्ताहिक बुडालं. मलानने काय वाटलं ते लिहिलं, दु प्रीजने काय घडलं ते छापलं. मला विचाराल तर दुसऱ्याला जास्त मार्क.

उन्हाळी_आवळा

सनावळी, मार्क द्यायचे तर मीही तसेच देईन. पण वाचताना झोप उडवली ती पहिल्याने. दु प्रीज शूर होता, मी शूर नाही, म्हणून त्याचं वाचून मला नुसता आदर वाटतो. मलान घाबरट आहे. ते ओळखीचं आहे.

शेवटचा भाग कोणाला आठवतोय का? म्सिंगा, तुगेला नदीकाठी. नील आणि क्रेना अल्कॉक हे गोरं जोडपं झुलूंच्या मध्ये मातीच्या घरात राहायचं, गुरं आणि गवत वाचवायच्या मागे. जागेचं नाव म्दुकात्शानी, हरवलेल्या गवताची जागा. १९८३ मध्ये नील दोन टोळ्यांची भांडणं मिटवून परत येत होता आणि वाटेत गोळीबारात मेला. ज्यांच्यासाठी खपला त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी गोळीने. क्रेना तिथेच राहिली. चोऱ्या झाल्या, ज्यांना वाढवलं त्यांनी फसवलं, तरी राहिली. तिचं म्हणणं साधारण असं, की प्रेम केल्याने आपण सुरक्षित होत नाही, पण दुसरं करण्यासारखं काही उरत नाही. लेखकाने स्वतःचं शहाणपण बाजूला ठेवून शेवटची पानं तिला दिली आहेत.

सदूभाऊ_सातारकर

ताई, तुमचा मूळ प्रश्न 'उपयोग कोणाला' हा होता. मी उलटा विचारतो. आपल्याकडे हे पुस्तक का नाही? 'बलुतं' १९७८ मध्ये आलं, 'उपरा' आलं, 'अक्करमाशी' आलं. ज्यांनी सोसलं त्यांनी लिहिलं. ज्यांच्या घरात ती कान तुटलेली कपबशी होती त्यांनी काय लिहिलं? प्राजक्ताचा सडा.

सनावळी

कृती करणारे होते, सदूभाऊ. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली त्यात बाबासाहेबांबरोबर गंगाधर सहस्रबुद्धे होते. सानेगुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरसाठी उपोषण केलं.

सदूभाऊ_सातारकर

होते, नमस्कार त्यांना. पण ते चांगलेच होते. मी चांगल्यांबद्दल विचारत नाहीये. 'माझ्या घरी हे चालायचं आणि मला ते आवडायचं' असं लिहिणारा दाखवा.

(दोन दिवस धागा खाली. मी वर काढतोय. – चहाटळ)

वाडाकर

सदूभाऊंचा प्राजक्त माझाच असावा. मागच्या दिवाळीत इथे 'आमचा वाडा' हा धागा मी काढला होता. २१४ प्रतिसाद आले. चौक, आड, माळवदावरची वाळवणं, आजीचा सोवळ्याचा दांडा, सगळं लिहिलं. काल तो परत वाचला. त्यात मागचा बोळ नाही.

वाड्याला पुढून दिंडी दरवाजा आणि मागून बोळ. संडास टोपलीचे. टोपली बोळातून ओढायला भिंतीत खाली पत्र्याचं झाकण. रोज सकाळी सातच्या सुमारास झाकणाचा आवाज यायचा, आणि तेव्हा आत कोणी असेल तर ओरडायचं की थांब. तिला आम्ही 'बोळातली' म्हणायचो. 'बोळातली आली.' नाव मला माहीत नाही. वाड्यात बावीस माणसं होती, कोणालाच माहीत नसावं. सणाला आई भिंतीवर भाकरी नि गूळ ठेवायची, हातात द्यायची नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना वरच्या खिडकीतून तिच्यावर पाणी ओतलं होतं, गंमत म्हणून. तिने वर पाहिलं आणि काही बोलली नाही. मी ती गोष्ट चुलतभावंडांना हसत सांगायचो. म्हणजे मला ते आवडायचं, सदूभाऊ.

१९७८ मध्ये फ्लश आले, बोळाच्या तोंडाशी भिंत घातली. ती कुठे गेली हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. बोळात आता दुचाक्या लावतात.

नीरजा_का

...

कडूकारलं

वाडाकर, जुन्या धाग्यात बदल करू नका. हे वेगळं लिहा, आणखी सविस्तर.

गोलंदाज

मी त्या धाग्यावर 'डोळे पाणावले' असा प्रतिसाद दिला होता. आत्ता जाऊन पाहिला.

सुगरणीचा_खोपा

मला इथे सगळे पाककृतींमुळे ओळखतात. पंधरा वर्षांत दुसरं काही लिहिलं नाही.

माझी आजी असल्याच एका बोळात कामाला होती. गाव वेगळं असेल, वाडा वेगळा असेल. पत्र्याच्या झाकणाचा आवाज तोच. मी लहानपणी दोनदा तिच्याबरोबर गेलेय.

वाडाकर, एक दुरुस्ती. भिंतीवर ठेवलेली भाकरी आम्ही खायचो असं तुम्हाला वाटत असेल. आजी ती घरी आणायची नाही. कोपऱ्यावर गवळ्याची म्हैस बांधलेली असायची, तिला घालायची. गूळ मात्र माझ्या हातावर ठेवायची. पाणी ओतणारी पोरं प्रत्येक वाड्यात होती. ती त्यांना 'खिडकीतली' म्हणायची.

तुमचं वाचून मला काय वाटलं ते ठरवता येत नाहीये. बहुतेक चीड. थोडं बरंही वाटलं, आणि बरं वाटलं याची परत चीड. आवळाताईंनी विचारलं होतं उपयोग कोणाला. माझ्या आजीला नाही, एवढं नक्की सांगते.

ते पुस्तक मिळेल का वाचायला? तो कारलं म्हणतोय त्या म्फाहलेलेचंही.

वाडाकर

खोपाताई, वाचलं. उत्तर लिहीत होतो, तीनदा खोडलं.

कडूकारलं

ताई, म्फाहलेले माझ्याकडे आहे. कुरियरने पाठवतो.

उन्हाळी_आवळा

मलान मी पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा. फक्त कोपरा वाळवीने खाल्लाय, आणि समासात मी पेन्सिलीने बरंच काय काय लिहून ठेवलंय. खोडून पाठवू का?

सुगरणीचा_खोपा

खोडू नका.